प्रति : जुनं एचएमटी, नवं कोरं डायल

जुनं एचएमटी घड्याळ विकत घेण्याच्या या चर्चेत वर कुणी म्हटलंय, ‘डायल चकचकीत आहे म्हणजे घड्याळ जपून वापरलेलं’. हे मत मला पटत नाही. माझी शंका तिथूनच सुरू होते. गेल्या वर्षी मी ऑनलाइन एचएमटीचं ‘पायलट’ मॉडेलचं जुनं घड्याळ मागवलं. काळंभोर डायल, एक ओरखडा नाही. इंदूरला राजवाड्याजवळच्या घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "अहो, डायल पुन्हा रंगवलंय." मग मलाही दिसलं : अक्षरांची शाई कडेला फुटलेली, बाराची खूण किंचित तिरकी. आत सुटे भाग दोन-तीन घड्याळांचे!

पायलट आणि ‘जनता’ (एचएमटीचंच आणखी एक मॉडेल) दोन्ही हाताने चावी द्यायची, 17 ज्वेल्सची (ज्वेल्स म्हणजे यंत्रातलं घर्षण कमी करणारे छोटे खडे). म्हणून पैसे पाठवण्याआधी मागचं झाकण उघडून, आतलं यंत्र दिसेल असा, चावी देतानाचा व्हिडिओ मागाच. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर सौदा सोडून द्या.