घरी केलेला स्टाउट (काळसर बिअर) फार गोड झाला आहे. आता काय करावे?

प्रश्न (जुळे सोलापूर)
मार्चअखेरीस मी 12 लिटर मिल्क स्टाउट लावला. बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), काळी भाजलेली बार्ली आणि उकळताना घातलेले 300 ग्रॅम लॅक्टोज (दुधातली साखर) असे साहित्य होते. यीस्ट घालण्यापूर्वी 20 अंशांपर्यंत थंड केलेल्या नमुन्यात हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजणारे उपकरण; साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो) 1.062 दाखवले होते. आज सोळाव्या दिवशी, खोलीच्या 34 अंश तापमानाला, तो 1.030 दाखवतो आणि गेले पाच दिवस तिथेच अडला आहे. रंग आणि भाजक्या बार्लीचा कॉफीसारखा वास अगदी मनासारखा आला आहे, परंतु दुसऱ्याच घोटाला काकवी प्यायल्यासारखे वाटते. मॅशिंगच्या (माल्ट गरम पाण्यात भिजवण्याच्या) वेळी लक्ष चुकून तापमान 71 अंशांवर गेले होते, हेही सांगितले पाहिजे. बाटल्या धुऊन ठेवल्या आहेत, भराव्यात का?

उत्तर 1 (होटगी रस्ता)
बाटल्या कृपया मुळीच भरू नका. अडलेले यीस्ट बंद बाटलीत पुन्हा जागे झाले, तर वायूच्या दाबाने काच फुटते आणि इजा होते.

20 अंशांसाठी आखलेला हायड्रोमीटर 34 अंशांवर सुमारे 0.004 कमी दाखवतो, म्हणजे आपला खरा आकडा 1.034 च्या आसपास आहे. त्यातले साधारण 0.009 लॅक्टोजचे आहेत. ही साखर बिअरचे यीस्ट पचवू शकत नाही, त्यामुळे तेवढी गोडी राहणारच. प्रश्न उरलेल्या 0.025 चा आहे. ती साखर यीस्ट थकल्यामुळे उरली, की 71 अंशांच्या मॅशिंगमध्ये न आंबणारे डेक्स्ट्रिन जास्त तयार झाल्यामुळे, हे कळल्याशिवाय कोणताही उपाय करणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय. त्यासाठी 300 मिलिलिटर नमुना स्वच्छ बाटलीत घ्या, त्यात ताजे कोरडे यीस्ट सढळ हाताने घाला, झाकण सैल ठेवा आणि तीन दिवस अधूनमधून हलवत राहा. आकडा बराच उतरला तर दोष यीस्टचा, न उतरला तर मॅशिंगचा.

उत्तर 2 (विजापूर रस्ता)
वरील चाचणी अवश्य करावी. स्टाउटसाठी वापरतात त्या एल यीस्टला 18 ते 22 अंश मानवतात. आपल्याकडच्या एप्रिलच्या उकाड्यात ते सुरुवातीला जोरात काम करते आणि मग मान टाकते. मी फर्मेंटर (बिअर आंबवण्याचे भांडे) पाण्याच्या घमेल्यात ठेवून त्याभोवती आपली सोलापुरी चादर ओली करून गुंडाळतो आणि समोर पंखा लावतो. इथल्या कोरड्या हवेत तापमान सात-आठ अंशांनी सहज उतरते. फक्त चादरीचे टोक पाण्यात बुडलेले असावे, नाहीतर ती दुपारपर्यंत कोरडी पडते.

दोष मॅशिंगचा निघाल्यास ग्लुकोअमायलेज (डेक्स्ट्रिनची आंबणारी साखर करणारे एन्झाइम) घालण्याचा मोह टाळावा, कारण ते हवे तिथे थांबवता येत नाही आणि स्टाउट पाणचट होतो. मी 64 अंशांवर मॅश केलेला, लॅक्टोजविरहित, कडवट स्टाउट वेगळा करून दोन्ही मिसळणे पसंत करीन. परवान्याशिवाय घरी बिअर करण्यास महाराष्ट्राचा 1949 चा दारूबंदी कायदा मनाई करतो, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्नकर्ता
चाचणी केली. तीन दिवसांनी नमुना 20 अंशांपर्यंत थंड करून मोजला, तेव्हा 1.032 आला, म्हणजे दोष मॅशिंगचाच ठरला. दरम्यान मूठभर भाजलेली बार्ली रात्रभर थंड पाण्यात भिजवून, गाळून, उकळून तिचे दोन चमचे पाणी पेलाभर स्टाउटमध्ये घालून पाहिले. कडवटपणा वाढला, पण जिभेवरचा चिकटपणा गेला नाही. त्यामुळे कोरडा स्टाउट लावत आहे.

उत्तर 2 (विजापूर रस्ता)
उत्तम. तो तयार झाल्यावर आधी पेल्यात निम्मे-निम्मे मिसळून चव पाहा आणि मगच सगळा एकत्र करा. मिश्रण आठवडाभर फर्मेंटरमध्येच राहू द्या. आकडा सलग तीन दिवस हलला नाही, तरच बाटल्या भरा.