नवरा-बायको दोघांचा 'ग्रुप' होत नाही का? (न्यू जर्सी, हेल्थ इन्शुरन्स)

पुरणवाली_एडिसन

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

नवऱ्याची नोकरी या ३१ तारखेला संपतेय आणि इन्शुरन्सही त्याच दिवशी. कोब्राचं (नोकरी गेल्यावर तोच इन्शुरन्स स्वतः पूर्ण पैसे भरून चालू ठेवायची सोय) पत्र आलं, त्यातला महिन्याचा आकडा मी चष्मा पुसून दोनदा वाचला. कंपनी इतकी वर्षं आपल्यासाठी काय भरत होती ते आत्ता कळलं.

माझी छोटी एलएलसी, म्हणजे नोंदणी केलेली कंपनी, आहे. भाड्याच्या किचनमधून पोळ्या, सणाला पुरणपोळ्या, शुक्रवारी मसालेभात. मदतीला एक ताई येतात, आठवड्याचे वीस-बावीस तास, रीतसर पगारावर. राहतात मात्र पेनसिल्व्हेनियात, ईस्टनला.

एक ब्रोकर म्हणाला, "एलएलसी आहे ना, मग तुमच्या दोघांचा ग्रुप काढू, म्हणजे धंद्याच्या नावावर एकत्र पॉलिसी, स्वस्त पडेल." दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन: "नाही होत." का, ते सांगेना.

घरात नवरा ५४, मी ५१, मुलगा २७ (फ्रीलान्स काम, लग्न नाही, विचारू नका), आणि सासूबाई ७१. त्यांना ग्रीनकार्ड मिळून दोन वर्षं झाली. शुगर आहे. आणि सकाळी मिश्री लागते, ती सुटत नाही. फॉर्मवर तंबाखूचा प्रश्न आला तर काय लिहायचं, हा घरातला सध्याचा मोठा वाद.

---

सॉमरसेटचा_भाऊ

वहिनी, माझं छपाईचं दुकान आहे, सहा माणसं. ग्रुप पॉलिसीच्या या गल्लीबोळातून बरीच वर्षं फिरतोय, म्हणून लिहितो.

ब्रोकर दुसऱ्या दिवशी बोलला तेच खरं. मालक आणि त्याची बायको (तुमच्याकडे मालकीण आणि तिचा नवरा) एवढ्यावर ग्रुप होत नाही, हा केंद्राचाच नियम. तिसरं कुणीतरी खरोखर पगारावर हवं. आपल्या राज्यात ते माणूस ग्रुपमध्ये मोजायचं तर आठवड्याला किमान २५ तास काम हवं. म्हणजे तुमचं घोडं ताईंच्या तीन तासांवर अडलंय.

तास वाढवले तर पुढच्या दोन अटी: प्रीमियमचा किमान १० टक्के वाटा तुम्ही उचलायचा, आणि पात्र माणसांपैकी ७५ टक्क्यांकडे कव्हरेज हवं. नवऱ्याच्या कंपनीतून किंवा मेडिकेअरमधून (मुख्यतः ६५ च्या वरच्यांचा सरकारी इन्शुरन्स) कुणाला आधीच कव्हरेज असेल तर तेही या ७५ मध्ये धरतात. १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या महिन्यात अर्ज केला तर या दोन्ही अटी लावत नाहीत, पण तुम्हाला एवढं थांबायला वेळ नाही.

ताई पेनसिल्व्हेनियात राहतात याची अडचण नाही, ग्रुप पॉलिसी धंद्याच्या राज्याची असते. फक्त ईस्टनचे डॉक्टर नेटवर्कमध्ये आहेत का ते आधी बघा. त्यांनी स्वतःची वैयक्तिक पॉलिसी घेतली तर मात्र ती त्यांच्या राज्याच्या पेनी या सरकारी विमा बाजारातून.

ग्रुपचा तुम्हाला एकच मोठा फायदा दिसतो, मुलगा. साधारणपणे २६ ला मुलं आईबापांच्या पॉलिसीतून बाहेर पडतात, पण न्यू जर्सीत अविवाहित मुलाला ग्रुप पॉलिसीत ३१ पर्यंत ठेवता येतं. प्रीमियम वेगळा. हे सगळ्या पॉलिसींना लागू नाही. मोठ्या कंपन्या बहुतेक वेळा दावे स्वतःच्या खिशातून भरतात, विमा कंपनी फक्त कागद सांभाळते. तिथे राज्याचा हा कायदा पोचत नाही. तुमच्या कोब्रालाही म्हणूनच लागू नसेल.

सासूबाईंचं सोपं आहे. मेडिकेअर विकत घ्यायलासुद्धा सलग पाच वर्षं इथे राहायला लागतं. तोपर्यंत गेट कव्हर्ड न्यू जर्सी या आपल्या राज्याच्या तशाच बाजारातून त्यांना साधी वैयक्तिक पॉलिसी मिळते, वय ६५ च्या वर असलं तरी. वयाचा दर ६४ ला थांबतो, त्यामुळे ७१ चा वेगळा भुर्दंड नाही. शुगरवरून नाकारता येत नाही, दर वाढवता येत नाही, २०१४ पासून देशभर हेच. इंडियातून काढून आणतात त्या व्हिजिटर पॉलिसीच्या नादी लागू नका. जुनी दुखणी त्यात एक तर येतच नाहीत, नाहीतर अर्धीमुर्धी येतात.

आणि मिश्री! खरं तेच लिहा. केंद्राच्या व्याख्येत आठवड्यातून सरासरी चार वेळा कुठल्याही रूपात तंबाखू आली की ती धरली जाते, मिश्रीसुद्धा. पण न्यू जर्सीत तंबाखूबद्दल जादा प्रीमियम लावायला बंदी आहे. वाद मिटवा.

---

डॅलसकर

आमच्याकडे असत्या तर सासूबाईंना मिश्री महागात पडली असती. टेक्सासमध्ये तंबाखूवर दीडपटीपर्यंत प्रीमियम लावता येतो. शिवाय इथे 'शॉर्ट-टर्म' पॉलिसी धडाधड विकतात. माझ्या शेजाऱ्याने स्वस्त म्हणून घेतली, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, कंपनीने जुनं दुखणं म्हणून हात वर केले. तुमच्या राज्यात ती विकायलाच परवानगी नाही, ते बरंच आहे.

---

क्वीन्सची_मावशी

न्यूयॉर्कमध्ये वयावरून दर ठरतच नाही. पंचविशीतला आणि चौसष्टीचा, एकाच प्लॅनला एकच प्रीमियम. आमचा मुलगा यावर कुरकुरतो, आम्ही दोघं गप्प बसतो. पण केवळ एवढ्यासाठी घर हलवू नका, इथली भाडी बघा आधी.

---

सॉमरसेटचा_भाऊ

राहिलंच. कोब्रा सही करून चालू केलं आणि मध्येच नको म्हणून सोडलं, तर पुढच्या ओपन एन्रोलमेंटपर्यंत (वर्षातून एकदा सगळ्यांना नोंदणी खुली असते तो काळ) बाजाराचं दार बंद. नुसतं पत्र आलंय, घेतलं नाही, तर बाजारातल्या प्रीमियमवर मिळणाऱ्या सरकारी सबसिडीला आड येत नाही. ३१ च्या आत बाजारातून प्लॅन निवडलात तर १ तारखेपासून चालू होईल. इन्शुरन्स संपल्यावर ६० दिवस मिळतात, पण उशीर केलात तर मधले दिवस उघडे. आणि उत्पन्नाचा अंदाज मुद्दाम कमी टाकू नका, टॅक्सच्या वेळी जादा घेतलेली सबसिडी परत मागतात. अजिबात काहीच न घेणं हा पर्याय इथे नाही, २०१९ पासून राज्याचा स्वतःचा दंड आहे.

---

पुरणवाली_एडिसन

भाऊ, तुमच्या हाताला पुरणपोळी. पत्ता कळवा, खरंच.

ताईंशी बोलले. त्या म्हणाल्या, तीन तास काय, अर्धा तासही नको, नातवाला शाळेतून आणायचं असतं. इन्शुरन्स त्यांना त्यांच्या यजमानांकडून आहेच. मग ग्रुपचा विषय संपला. आम्ही तिघं आणि मुलगा वेगळा, असं बाजारातून बघतोय. त्याला म्हटलं, तुझा फॉर्म तूच भर, तर विचारतो, "आई, डिडक्टिबल म्हणजे काय गं?" सत्तावीस वर्षांचा घोडा.

सासूबाईंना सांगितलं, मिश्रीचे जादा पैसे नाहीत. त्यावर म्हणाल्या, "मग एवढे दिवस डबी का लपवलीत?"