न्यू जर्सीहून टेक्सासला जावं का? मुलगी आता नववीत जाणार आहे

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या कंपनीने त्याची अख्खी टीम डॅलसजवळ प्लेनोला हलवायचं ठरवलं आहे. नाही म्हटलं तर नोकरी लगेच जाणार नाही, पण इथल्या ऑफिसात त्या कामाला पुढे काही राहणार नाही हे उघड आहे. महिनाअखेर होकार-नकार कळवायचा आहे. नवऱ्याचं मत ‘जाऊया’ असं आहे. माझं काही केल्या ठरत नाही. जे तिकडे राहतात, किंवा राहून परत आले, त्यांच्याकडून ऐकायचंय.

आधी पैशांचं, कारण जो भेटतो तो तेच सांगतो, ‘टेक्सासला स्टेट टॅक्स नाही, विचार कसला करताय?’ पगारावर स्टेट टॅक्स नाही हे खरंच आहे. न्यू जर्सीत आमच्यासारख्या दोन पगारांच्या घराचे दीड लाख डॉलरवरच्या उत्पन्नावर ६.३७ टक्के जातात, ते वाचतील. पण प्रॉपर्टी टॅक्सचं कोणी बोलत नाही. त्यात न्यू जर्सी देशात सगळ्यात महाग, सरासरी बिल २०२४ मध्ये १०,००० डॉलरच्या पुढे गेलं, हे मान्य. टेक्सासही फार मागे नाही. प्लेनोच्या पलीकडे फ्रिस्को, प्रॉस्परकडच्या नव्या वसाहतींत शाळा, शहर, काउंटी सगळं धरून दर दोन टक्क्यांच्या आसपास जातो, आणि वसाहत मड किंवा पिडमध्ये (पाणी-रस्ते अशा सोयींसाठी वेगळा आकार लावणारे स्थानिक विभाग) असेल तर त्याचा भार वेगळा. राहत्या घराला शाळेच्या करात १,४०,००० डॉलरची सूट आहे, करासाठी धरलेली किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, हे चांगलं आहे. तरी दर वर्षी मे महिन्यात त्या किमतीवर हरकत घ्यायची, हे तिकडच्या घरमालकांचं ठरलेलं काम दिसतंय.

खरी मेख कर्जात आहे. आमच्या टाउनहाउसचं कर्ज २०२१ मधलं, तीन टक्क्यांच्या आतलं. ते फेडून टाकून सहाच्या वरचं घ्यायचं. वहीत मांडून पाहिलं तर स्टेट टॅक्समध्ये वाचलेलं बरंचसं व्याजात जातंय. म्हणून सुरुवातीला भाड्याने राहावं असं मला वाटतं. नवरा म्हणतो, नंतर घर दुसऱ्या झोनमध्ये मिळालं तर पोरीला पुन्हा शाळा बदलावी लागेल. त्याचंही बरोबर आहे. इकडचं घर भाड्याने देऊन कोणी गेलंय का? इतक्या लांबून सांभाळणं जमतं का?

व्हिसाचं थोडक्यात सांगते. आम्ही अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. कामाची जागा दुसऱ्या महानगर भागात गेली की सुधारित अर्ज लागतो, तो कंपनी करेल. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठीचा कंपनीचा अर्ज, मंजूर असल्यामुळे रांगेतली तारीख टिकेल, पण ठिकाण बदलल्यामुळे पर्म (त्याआधीची कामगार खात्याची मंजुरी) नव्याने करावं लागेल असं वकिलांचं म्हणणं आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी मधल्या काळात काय सांभाळावं लागलं ते जरूर लिहा. माझं काम घरून आहे, एच-४ ईएडीवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामुळे मिळालेल्या कामाच्या परवान्यावर. टेक्सासमधून करू देतील का, ते विचारून ठेवलंय.

आता मुलीचं. माझा पाय अडकलाय तो इथे. जायचंच असेल तर हीच वेळ आहे हे मला कळतं, कारण कॉलेजसाठी लागणारे मार्क नववीपासून मोजले जातात आणि अकरावीत शाळा बदलणं म्हणजे तिचे हाल. पण टेक्सासमध्ये वर्गातल्या क्रमांकाला फार महत्त्व आहे. १९९७ च्या कायद्यामुळे शाळेतल्या पहिल्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी मात्र २०२६ पासून तो आकडा ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे ६०० मुलांच्या बॅचमध्ये पहिल्या ३० जणांत यायला हवं. प्लेनो-फ्रिस्कोच्या शाळांत अभ्यासू देशी मुलांची काय कमी? तिथे हे किती जणांना जमत असेल? लेक मन लावून अभ्यास करते, पण चढाओढीने कोमेजते. आणि इथून गेलं की रटगर्सची, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाची, राज्यातल्या मुलांसाठीची फी हातची जाणार. टेक्सासमध्ये ती सवलत १२ महिने वास्तव्य झाल्यावर, एच-४ वरच्या मुलांनाही मिळू शकते, एवढा दिलासा.

तिला स्वतःला काय वाटतं ते विचारलं, तेव्हा तिने नकाशा उघडून आम्हाला आवडलेल्या घरापासून लायब्ररी किती लांब आहे ते पाहिलं, आणि विचारलं, ‘इथे मला एकटीला कुठे जाता येईल?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. आत्ता इथे एडिसनला ती चालत मैत्रिणीकडे जाते, मोठी झाल्यावर स्टेशनवरून गाडी पकडून न्यूयॉर्कला जाण्याचे बेत आत्तापासून आहेत. फ्रिस्को तर डार्टमध्येही (डॅलसची बस-ट्रेन सेवा) नाही, त्यामुळे ट्रेनचा प्रश्नच नाही.

तोच प्रश्न सासू-सासऱ्यांचा. ते दर उन्हाळ्यात येऊन राहतात. इथे सासरे सकाळी चालत देशी दुकानांच्या ओक ट्री रोडला जातात, कोथिंबीर घेतात, ओळखीचे दोन-चार आजोबा भेटतात, आणि दुपारी जेवताना त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असतं. डॅलसला २०११ मध्ये ७१ दिवस पारा शंभर फॅरनहाइटला किंवा त्यावर होता. तसल्या उन्हात, पायी पोचता येईल असं काही जवळ नसताना, आम्ही कामावरून मोकळे होईपर्यंत दोघांनी घरात बसून राहायचं का? फ्रिस्कोला हनुमानाचं मोठं मंदिर आहे, डॅलसला महाराष्ट्र मंडळ आहे, आपली माणसं भरपूर आहेत. गाडी चालवता न येणारा माणूस त्यांच्यापर्यंत पोचतो कसा, एवढंच मला कळत नाही.

बाकी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. घरांना बेसमेंट नसतं म्हणे, मग गणपतीचं मखर, ढोल-ताशे हे सगळं कुठे ठेवता? पोटमाळ्यावर ठेवलं तर उन्हाळ्यात थर्माकोलचं काय होतं? तिथली चिकणमाती उन्हाळ्यात आकसते म्हणून लोक घराच्या पायाभोवती पाण्याचा पाइप लावून ठेवतात असं वाचलं. गारपिटीने छप्पर गेलं तर विम्यात स्वतःचा वाटा घराच्या किमतीच्या टक्क्यांत भरावा लागतो, तो किती पडला? फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत तिथे दिवसेंदिवस वीज नव्हती, २४६ माणसं गेली. त्यानंतर तुम्ही घरात जनरेटर घेतलात का? आणि २०२१ पासून तिथे परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगून बाहेर फिरता येतं, हे रोजच्या जगण्यात जाणवतं का, की बातम्यांतच राहतं? आई म्हणून ही धाकधूक आहेच.

कंपनीचा दुसरा कुठलाही पर्याय नाही, त्यामुळे कृपया नॉर्थ कॅरोलिना किंवा अटलांटा सुचवू नका.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं तिकडे जातोय. ब्रोकर घरंच दाखवणार. ते सोडून काय बघू? शाळा सुटायच्या वेळी कुठल्या शाळेबाहेर उभी राहू? ज्यांच्याकडे आई-वडील राहून जातात त्यांनी कुठला भाग निवडला, आणि मुलं आठवी-नववीत असताना जे गेले त्यांच्या मुलांना पहिलं वर्ष कसं गेलं, हे दोन अनुभव आधी लिहा. आणि मुलांनाच दोन ओळी लिहायला सांगितल्यात तर फारच बरं, लेक स्वतः वाचणार आहे.