सगळ्यांची भरभराट करणारी व्यापारी संस्कृती कथेत पटते का?

गलबत:
फँटसीत योद्धा शूर, साधू ज्ञानी आणि व्यापारी मात्र हटकून लोभी. हे मला मनापासून खटकतं. म्हणून मी माझ्या कथेसाठी 'तारवी' हे बेटांवरचे लोक रचते आहे. त्यांना राजा नाही. प्रत्येक सफरीच्या नफ्याचे तीन वाटे होतात: गलबताच्या मालकाचा, खलाशांचा आणि बंदराच्या कोठाराचा. बाजारात तराजू विकणाऱ्याचा, पण वजनं घेणाऱ्याने आपल्या घरून आणायची. दोघांचं जुळलं नाही तर सौदा मोडला. बंदरात एका जरी घरी चूल पेटली नाही असं कळलं, तर धक्क्यावरचा मोठा तराजू उलटा टांगतात आणि त्या दिवशी कुणीच काही विकायचं नाही. अशी संस्कृती पटते आणि तिच्यात गोष्टही आहे, असं माझं ठाम मत आहे.

काळाकातळ:
मला नाही पटत. व्हेनिस बघा. तिथे भागीदारीचा 'कोलेगांझा' करार होता. एकाने घरी बसून भांडवल घालायचं, दुसऱ्याने जहाजावर जायचं, आणि जाणाऱ्याला नफ्याचा साधारण चौथा हिस्सा. खिसा रिकामा असलेला तरुणही त्यातून वर यायचा. पण १२९७ साली वर पोचलेल्या घराण्यांनीच राज्यकारभार चालवणाऱ्या महासभेची दारं नव्या लोकांना जवळपास बंद केली. तारवींमध्ये हे का होणार नाही? माणसं चांगली आहेत, एवढ्यावर संस्कृती उभी राहत नाही.

रानवाट:
काळाकातळ, व्यापार म्हणजे फक्त नफा हे तुम्ही आधीच धरून चालला आहात. न्यू गिनीजवळच्या बेटांवरची 'कुला' देवघेव मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कींनी तिथे राहून नोंदवली. लाल शिंपल्यांच्या माळा बेटांच्या वर्तुळात एका दिशेने फिरतात, पांढरी शंखांची कडी उलट दिशेने. वस्तू कुणी कायमची ठेवत नाही. अडवून धरली तर नाव खराब होतं. घासाघीस करून होणारी साधी अदलाबदलही त्याच सफरीत चालते, पण कुलात कुणी घासाघीस केली तर तो अपमान. पत ही संपत्तीइतकीच खरी असते.

काळाकातळ:
पत खरी, मान्य. पण गाजलेल्या माळा मानाच्या माणसांकडेच येतात. ती भरभराट सगळ्यांची नव्हे.

दीपमाळ:
मला अडचण वेगळीच दिसते. तीन वाटे झाले. समुद्रापलीकडे ज्यांच्याकडून माल घेतला त्यांचा वाटा कुठे आहे? मध्ययुगात उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा हान्सा संघ होता; त्यातली ल्युबेकसारखी शहरं एकमेकांसाठी सवलती मिळवायची. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये मात्र सुक्या कॉड माशाचा व्यापार त्याच व्यापाऱ्यांच्या हातात गेला आणि उत्तरेकडचे कोळी त्यांच्या उधारीत अडकले. आतली समता बाहेरच्यांच्या जिवावर उभी असू शकते. तुमच्या कथेत हे आलं नाही तर मी ती वाचू शकणार नाही.

गलबत:
काळाकातळ, तारवींमध्ये गलबत वारशाने मिळत नाही. मालक गेला की पहिला हक्क खलाशांचा, आणि त्याच्या मुलांनाही खलाशी होऊनच सुरुवात करावी लागते.
दीपमाळ, कथा नेमकी तिथेच आहे. नायिका कोठाराचे हिशेब लिहिते. तांब्याच्या खाणीचं एक गाव उपाशी आहे, हे तिला खरेदीच्या वहीतून कळतं: तांबं तेवढंच येतंय, बदल्यात जाणारं धान्य दर सफरीला कमी. ती मागणी करते की त्या गावासाठी तराजू उलटा टांगा. बंदर म्हणतं, ते घर आपलं नाही.

काळाकातळ:
मग बंदर तिला आधी कामावरून काढेल.

गलबत:
काढेल. पण खलाशांचा वाटाही त्याच तांब्यातून येतो, आणि त्यांनी ते गाव डोळ्यांनी पाहिलंय. धान्य उतरवणारे तेच.

दीपमाळ:
खलाशी स्वतःचा वाटा सोडतील, हे मला अजून पटलेलं नाही. तो प्रसंग सविस्तर लिहा, मग बोलू.