भारतीय न्याय संहितेचं कलम 137(2): समेट झाला तर अपहरणाची केस मिटते का?

प्रश्न: मुलगी 17 वर्षांची, फिर्याद वडिलांची. आता दोन्ही घरांत समेट आहे. केस मागे घेता येते का? नाहीतर शिक्षा किती?

प्रतिसाद 1: परस्पर नाही. गुन्हा तडजोडयोग्य नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 528 खाली उच्च न्यायालयात एफआयआर रद्द करण्याचा अर्ज करा, सोबत फिर्यादी आणि मुलीचं प्रतिज्ञापत्र जोडा. पॉक्सोचं (मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) कलम लागलं असेल तर नुसत्या समेटावर विसंबू नका.

प्रतिसाद 2: कमाल 7 वर्षं आणि दंड. पण खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो आणि त्यांना 3 वर्षांपर्यंतच शिक्षा देता येते. ती अपुरी वाटली तर ते प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. कच्च्या कैदेतले दिवस शिक्षेतून वजा होतात. प्ली बार्गेनिंग (गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घेणं) विसरा, स्त्रीविरुद्धच्या गुन्ह्यात ते चालत नाही. घटना 1 जुलै 2024 पूर्वीची असेल तर भारतीय दंड संहितेचं जुनं कलम 363.

प्रतिसाद 3: खरी झुंज वयावर असते. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. मुलीची संमती हा बचाव नाही. मात्र ती स्वतःहून घराबाहेर पडली आणि आरोपीने ना फूस लावली ना नेलं, तर अपहरण सिद्ध होत नाही, वकिलांना सर्वोच्च न्यायालयाचा एस. वरदराजन खटल्यातला निकाल दाखवायला सांगा. म्हणून तिचा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब आधी नीट वाचा.