नकारापेक्षा तक्ता उपयोगी पडला

मॅनेजर दर सुट्टीला आपल्यालाच कामावर बोलावत असेल तर काय करायचं? "सरळ येणार नाही म्हणून सांगायचं, काय करणार आहे तो?" हा नेहमी मिळणारा सल्ला ऐकायला झकास आहे. पण शिफ्टच्या नोकरीत आपण नुसतं नाही म्हटलं की जागा रिकामी राहते आणि मॅनेजर वरिष्ठांना तेवढंच दाखवतो. लागोपाठ तीन सुट्ट्या आपणच भरल्या, हे कुणाच्या लक्षातही नसतं. (राजीनामा तोंडावर फेका म्हणणाऱ्यांना हप्ते नसावेत बहुतेक.)

माझ्यावर हीच वेळ आली तेव्हा मी मागच्या दोन वर्षांची रोस्टरं (ड्युटीची वेळापत्रकं) काढली आणि सुट्टीच्या दिवशी कोण किती वेळा कामावर होतं, एवढाच तक्ता केला. तक्रारीचा एक शब्द नाही. मेलमध्ये लिहिलं की अमुक दिवशी मी येतो, तमुक दिवशी माझ्या जागी सहकारी यायला तयार आहे, आणि त्याला सीसीत घेतलं. साहेब तोंडी बरंच गुरगुरले, पण लेखी नाही म्हणायला कारण सापडेना. दोन दिवसांनी रोस्टर बदललं.

आणखी एक, बदली सुट्टीची, म्हणजे सुट्टीला केलेल्या कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या सुट्टीची, तारीख कामावर जायच्या आधीच लेखी घ्या. "नंतर बघू" म्हणजे बुडाली समजा. आणि आठवड्याची सुट्टीच गिळत असेल तर तो प्रकार वेगळा: सात दिवसांत सलग २४ तास विश्रांती हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कारखान्यांसाठी १९२१ मध्येच मांडलंय, दुकानं-ऑफिसांसाठी १९५७ मध्ये. तिथे मॅनेजरशी घासाघीस करत बसू नका, थेट एचआरला लिहा.