निम्मा दोष फोनचा
नवी भाषा शिकताना समोरासमोर सगळं कळतं पण फोनवर भंबेरी उडते, म्हणजे आपली भाषा कच्चीच, असं कुणी म्हणेल. कच्ची असेलही, पण निम्मा दोष फोनचा आहे. पारंपरिक टेलिफोन लाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ (सेकंदाला कंपनं) एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. 'स', 'फ' असे घासून निघणारे आवाज ज्यामुळे वेगळे ओळखू येतात, तो बराचसा भाग त्याच्या वरचा, म्हणजे कापलाच जातो. मातृभाषेत ही गळती आपण संदर्भाने नकळत भरून काढतो; दुसऱ्या भाषेत तेवढी शिल्लक गाठीशी नसते. त्यात ओठही दिसत नाहीत. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांचा 1976 चा प्रयोग प्रसिद्ध आहे: कानावर 'बा', पडद्यावरचे ओठ 'गा' म्हणतायत, आणि बहुतेकांना ऐकू आलं 'दा'!

मी नव्या भाषेत फोन घ्यायचंच टाळायचो. इंटरनेटवरून कॉल सुरू झाल्यावर (तिथे आवाजाचा पट्टा बहुधा बराच रुंद असतो) तीच माणसं एकदम स्पष्ट बोलायला लागली. आकडे आणि आडनावं मात्र अजूनही निसटतात, तिथे संदर्भ कामाला येत नाही. ती मी सरळ लिहून पाठवायला सांगतो.